‘वय झालं होतं’ हे मृत्यूचं कारण नाही

1956 च्या ऑक्टोबरात आईबापाचं बोट धरून दीक्षेला गेलेली पोरं आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. छातीत दुखलं की त्यांना शहापूरहून हायवेने नागपूरच्या आयसीयूत न्यावं लागतं. काही परत येत नाहीत. मग वॉर्डात ऐकू येतं, ‘वय झालं होतं.’ आणि आपण मान डोलावतो. माझा आक्षेप या मान डोलावण्याला आहे.

उतारवयात मूत्रपिंड मंदावतं. डिगॉक्सिनसारखं हृदयाचं औषध नीट बाहेर पडत नाही, साचतं. सोबतच्या लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटलं की तेच औषध विष ठरतं. मळमळ, भ्रम, पिवळं दिसणं, नाडी मंदावणं ही त्याची लक्षणं. आणि आपण समजतो म्हातारा बरळतोय. रक्त पातळ करणारी औषधं द्यावीच लागतात, पण वजन आणि क्रिएटिनिन न पाहता दिली तर रक्तस्राव होऊ शकतो. यात वयाचा दोष किती आणि न तपासलेल्या डोसचा किती?

‘डॉक्टर-सिस्टरवर आधीच ताण आहे, त्यांना कशाला दोष देता?’ असं कुणी म्हणेल. दोष त्यांना देतच नाही. थकलेल्या माणसाच्या हातून चूक होणारच, म्हणून तर तपासणारा दुसरा माणूस हवा. देशात 2008 पासून फार्म.डी. अभ्यासक्रम आहे. मग प्रत्येक सरकारी आयसीयूत रोज डोस तपासणारा क्लिनिकल फार्मासिस्ट का नको? जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. टाळता येणारी गोष्ट नशीब कशी?

दुःखाला कारण असतं, हे तथागताने सांगितलं. कारण न शोधता कपाळाला हात लावायचा असेल, तर बावीस प्रतिज्ञा घेऊन काय मिळवलं?

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एवढं करावं. पेशंट नेताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत न्या. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी आणि वैद्याचा काढासुद्धा. ‘क्रिएटिनिन किती? त्याप्रमाणे डोस ठरवला का?’ हे विचारा. सुट्टी होताना औषधांची यादी मराठीत समजावून मागा. केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्यावर 72 तासांत देणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. खासगी रुग्णालयात रुग्णहक्क सनद लावणं राज्याच्या 2021 च्या नियमांनी सक्तीचं आहे. भिंतीवर नसेल तर लेखी तक्रार करा.

पुतळ्याला हार घालणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. केसपेपर मागणारे हात हवेत.

जयभीम!