आठ आण्यांची नादारी

बेंगळूरुच्या शिवाजीनगरचे नाव महाराष्ट्रातील वाचकांनी अलीकडे ऐकले असेल ते मेट्रो स्थानकाच्या निमित्ताने. या स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करू, असे आश्वासन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी २०२५ च्या सप्टेंबरात दिले आणि देवेंद्र फडणवीस यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. त्या वादावर दोन्ही राज्यांत पुष्कळ शाई खर्च झाली. मला मात्र याच वस्तीतील सहा वर्षे जुन्या घटनेविषयी, किंबहुना ती घटना मागे ठेवून गेली त्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे.

शिवाजीनगरातील लेडी कर्झन रस्त्यावर आयएमए या समूहाची सराफी पेढी होती. व्याज घेणे धर्माला मान्य नाही, पण घरातील पुंजी नुसती पडून राहावी हेही परवडत नाही, अशा हजारो मुस्लीम कुटुंबांनी या समूहात पैसे गुंतवले. मिळणारा परतावा म्हणजे व्याज नव्हे, नफ्यातील वाटा, असे त्यांना सांगितले गेले. कागदोपत्री त्यांना ठेवीदार न म्हणता भागीदार केले गेले. २०१९ च्या जूनमध्ये संस्थापक एक ध्वनिफीत मागे ठेवून परदेशी निघून गेला आणि पेढीसमोर तक्रारदारांच्या रांगा लागल्या. महिन्याभराने तो परतला तेव्हा दिल्लीत त्याला अटक झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्यानुसार गुंतवणूकदार लाखाच्या घरात होते आणि रक्कम होती सुमारे ४,००० कोटी रुपये.

संस्था बुडते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर कायद्याकडे निदान आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी कर्नाटकाने २००४ मध्ये कायदा केला होता. त्याखाली सक्षम प्राधिकारी नेमला गेला, मालमत्ता जप्त झाल्या, दावे मागवले गेले. हे सारे संथ आणि अपुरे आहे हे खरेच, पण वाट आहे. पुंजी गेलेल्या त्या घरातच उद्या लग्न निघाले, कुणाला डायलिसिस सुरू झाले, दुकानाचे भाडे थकले आणि कर्ज काढावे लागले. ते फिटेनासे झाले, तर त्या माणसाने कुठे जायचे?

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. दिवाळखोर या शब्दात शिवी दडलेली आहे. नादार हा फारसीतून आलेला शब्द, शिवाजीनगरच्या दख्खनी बोलीला आणि महाराष्ट्राच्या कोर्टकचेरीला सारखाच परिचित, केवळ एवढेच सांगतो की या माणसाजवळ काही नाही. मला दुसरा शब्द अधिक न्याय्य वाटतो.

आज बेंगळूरुतील एखाद्या छोट्या व्यापाऱ्याला स्वतःची नादारी जाहीर करवून घ्यायची असेल, तर त्याला ज्याचा आधार घ्यावा लागतो तो प्रांतिक नादारी कायदा १९२० सालचा आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी त्याहूनही जुना, १९०९ चा कायदा लागू आहे. अर्ज करण्यासाठी किमान कर्ज किती असावे? १९२० च्या कायद्याने घातलेली रक्कम आहे ५०० रुपये. त्या काळी ती मोठी होती.

अर्जाची तयारी मात्र आजही तितकीच कठोर आहे. प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम लिहायची. स्वतःची प्रत्येक चीजवस्तू किमतीसह नोंदवायची. ती सगळी न्यायालयाच्या हवाली करण्यास आपण राजी आहोत, असे लेखी द्यायचे. हिशेबाच्या वह्या हजर करायच्या. पूर्वी धनको दोन-तीन असत आणि बहुधा एकाच बाजारपेठेत बसत. आजच्या ऋणकोच्या यादीत दोन क्रेडिट कार्डे असतात, सोने तारण ठेवलेली कंपनी असते, चिटफंड असतो, बचतगटाचा हप्ता असतो आणि मोबाइलवरील चार अ‍ॅप असतात, ज्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो.

तयारीच्या या काळात माणसे ज्या गोष्टी चांगुलपणाने करतात त्याच पुढे त्यांना नडतात. मेव्हण्याचे उसने आधी फेडू, बँकेचे बघू नंतर, हा विचार अगदी माणुसकीचा आहे. पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला असे झुकते माप दिले असेल, तर न्यायालय तो व्यवहार रद्द करू शकते. दोन वर्षांत घर मुलाच्या नावे करून दिले असेल तर तेही उलटवता येते. तारण ठेवलेले सोने सावकार विकू शकतोच. नादारीचा हुकूम त्याच्या आड येत नाही. आणि मुक्ती मिळाली तरी ती फक्त अर्जदाराची. जामीनदार आणि सहकर्जदार बांधलेलेच राहतात. गटाने कर्ज घेणाऱ्या बायकांच्या बाबतीत याचा अर्थ भयंकर आहे: एकीची सुटका म्हणजे उरलेल्यांवर बोजा.

त्याच्यापाशी काय उरू द्यायचे, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये लिहिले आहे. नेसते कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. एका वसाहतकालीन संहितेत मंगळसूत्राची अशी दखल घेतलेली पाहून मला नेहमीच थोडे आश्चर्य वाटते.

या कायद्यातील ४२ वे कलम मला सर्वांत बोलके वाटते. न्यायालयाने पूर्ण मुक्ती कधी नाकारावी, याची जी कारणे तिथे दिली आहेत, त्यांतले पहिलेच असे: विनातारण देण्यातील प्रत्येक रुपयामागे नादाराची मालमत्ता आठ आण्यांइतकी नसेल तर. त्यात आपला दोष नव्हता, हे त्याने न्यायालयाला पटवून दिले तरच अपवाद. आता दुसरीकडे पाहा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली ज्या कंपन्यांचे पुनरुज्जीवन झाले, त्यांच्या धनकोंना मान्य झालेल्या दाव्यांच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मिळाली आहे. म्हणजे रुपयामागे सव्वापाच आणे. यावर अर्थतज्ज्ञ सांगतात की बुडीत भांडवल लवकर मोकळे होणे हेच अर्थव्यवस्थेच्या हिताचे. मला ते मान्य आहे. तोच युक्तिवाद रसेल मार्केटमधील फळविक्रेत्याला का लागू होत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो लागू व्हावा, असे संसदेने २०१६ मध्येच ठरवले होते. टी. के. विश्वनाथन समितीच्या अहवालानंतर आलेल्या त्या संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठीच आहे. अर्ज दाखल होताच वसुलीला स्थगिती, हप्त्यांची नवी योजना, ती न जमल्यास दिवाळखोरी आणि सर्वसाधारणपणे वर्षभरात मुक्ती. अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची सोपी वाटही त्यात आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, म्हणजे प्रामुख्याने प्रवर्तकांपुरता. बँकांना वसुलीसाठी जे दार हवे होते ते उघडले. इतरांसाठी तेच दार बंद आहे. त्यासाठी नवा कायदा नको, केंद्र सरकारची अधिसूचना पुरे.

अर्थात ते उद्या उघडले तरी शिवाजीनगरातील फार थोडे लोक आत जाऊ शकतील. ‘नवी सुरुवात’ मागणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून अधिक नसावे, मालमत्ता २०,००० रुपयांच्या आत असावी आणि कर्ज ३५,००० रुपयांच्या आत. स्वतःचे घर नसावे. महिना पाच हजारांत बेंगळूरुत कोण राहतो? तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब सूक्ष्म कर्जास पात्र, असे रिझर्व्ह बँक २०२२ पासून मानते. कर्ज देताना गरिबीची एक मोजपट्टी आणि कर्जातून सोडवताना दुसरी, असा हा प्रकार आहे. आकडे बदलण्यासाठी पुन्हा संसदेत जावे लागले तरी ते करायला हवे.

सरकारची भीती मी समजू शकतो. लोक मुद्दाम कर्ज बुडवतील, असे म्हटले जाते. पण जो माणूस आपली भांडीकुंडी सोडून सारे न्यायालयाच्या पुढ्यात मांडायला तयार होतो, तो लबाडीसाठी फारच महागडा मार्ग निवडतो आहे. शिवाय नादाराला निवडणूक लढवता येत नाही. संविधानाची १०२ आणि १९१ ही कलमेच तशी आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे अर्ज ज्यांच्यापुढे जायचे ती कर्जवसुली न्यायाधिकरणे देशात अवघी ३९ आहेत आणि ती आधीच तुंबलेली आहेत. वसुलीसाठी उभारलेल्या यंत्रणेकडे माफीचे काम सोपवणे हे मुळातच विचित्र. ब्रिटनमध्ये छोट्या ऋणकोला न्यायालयाची पायरी चढावीच लागत नाही. मान्यताप्राप्त सल्लागारामार्फत अर्ज जातो आणि २०२४ पासून त्याचे शुल्कही रद्द झाले आहे. आपल्याकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत, जिथे कोणत्याही उत्पन्नगटातील स्त्रीला मोफत साहाय्याचा हक्क आहे. हे काम तिथून सुरू करता येईल.

याची आपल्याला अगदीच ओळख नाही असेही नव्हे. १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. चार वर्षांनी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी जो कायदा आला, त्यात नुसता सावकारांवर अंकुश नव्हता. त्यात तडजोड घडवणारे सलोखेकार होते, खतामागचा खरा हिशेब तपासण्याचा न्यायालयाला अधिकार होता आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी एक स्वतंत्र प्रकरण होते. वसाहतवादी सरकारने हे दयेपोटी केले नाही, दंगलीच्या धास्तीने केले, पण केले.

कर्नाटक सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत सूक्ष्म कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. नोंदणी नसलेल्या सावकाराचे कर्ज फिटले असे समजले जाईल, अशी तरतूद. दारात येऊन आरडाओरडा करणाऱ्या वसुलीवाल्यापासून यामुळे काहींचे संरक्षण होईल. परंतु नोंदणीकृत कंपनीचे, बँकेचे, कार्डाचे कर्ज जसेच्या तसे राहते. त्याचा वसुलीवाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करत नाही. मधल्या अकरा तासांत करतो.