संधानाचे भांडे आणि मोजमापाची शिस्त

संधानकल्पना ही आपल्या भैषज्यशास्त्राची अशी एक शाखा आहे, की जिच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो फार आणि स्वहस्ते करतो कमी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात ८४ आसव सांगितले आहेत, हे आपण विद्यार्थ्यांना पाठ करावयास लावतो. परंतु आज बहुतेक चिकित्सालयांत अरिष्ट येते ते बंद बाटलीतून. जे थोडे वैद्य व लहान फार्मसीचालक अजूनही स्वतः संधान करतात, त्यांपैकी अनेकांचा कारभार अंदाजावर चालतो. 'यंदा साधले', 'यंदा बिघडले' एवढीच नोंद मनात राहते. का साधले आणि का बिघडले, याची राहत नाही.

या संदर्भात एका सर्वस्वी परक्या परंपरेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ती म्हणजे ब्रिटनमध्ये घरोघरी तयार संचापासून 'रिअल एल' करण्याची. प्रारंभीच स्पष्ट करतो, की प्रस्तुत लेखाचा हेतू मद्यप्रसाराचा नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्या वाटेस कोणी जाऊ नये. आपल्याला घ्यावयाची आहे ती त्या लोकांची शिस्त.

एल म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, हॉप्स नामक वेलीची कडवट फुले घालून केलेले सौम्य मद्य. १९६० च्या दशकात तेथील मोठ्या कारखान्यांनी ते गाळून, उष्णतेने निर्जंतुक करून, वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देऊन विकण्यास सुरुवात केली. ते टिकाऊ झाले खरे. पण त्यातील किण्वनाचा जिवंतपणा संपला. याविरुद्ध १९७१ साली काही ग्राहकांनीच चळवळ उभारली. ती पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांनी व्याख्या केली ती अशी : पारंपरिक घटकद्रव्यांपासून केलेले, ज्या भांड्यातून वाढले जाते त्याच भांड्यात दुसऱ्यांदा किण्वन होऊन परिपक्व झालेले आणि बाहेरचा वायू न घालता दिलेले ते खरे एल. वैद्यांनी या व्याख्येकडे लक्षपूर्वक पाहावे. तीत चवीचा उल्लेख नाही; आहे तो प्रक्रियेचा.

त्याआधीच, १९६३ साली, तत्कालीन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती वापरासाठी बिअर करण्यास लागणारा परवाना रद्द केला होता. विकावयाचे नसेल तर कर नाही, अशी ती मोकळीक. त्यातून तयार संचांचा व्यापार वाढला. संचात हॉप्सयुक्त जवाच्या अर्काचा सुमारे दीड ते पावणेदोन किलोंचा डबा आणि यीस्टची एक पुडी असते. गृहस्थ सर्व भांडी प्रथम जंतुनाशक द्रावणाने धुतो. अर्क गरम पाण्यात विरघळवून त्यात सुमारे एक किलो साखर घालतो. थंड पाणी ओतून एकूण ४० पाइंट, म्हणजे सुमारे २३ लिटर करतो. तापमान २० अंशांच्या आसपास उतरल्याखेरीज तो यीस्ट घालीत नाही. हायड्रोमीटर बुडवून विशिष्ट गुरुत्व पाहतो. ते आरंभी साधारण १.०४० असते. आठवड्याभराने ते १.०१० च्या जवळ येऊन सलग दोन दिवस स्थिर राहिले, तरच बाटल्या भरतो. दोन आकड्यांतील फरकास १३१ ने गुणले, की मद्यार्काचे प्रमाण निघते. येथे ते चार टक्क्यांच्या जवळपास येते. प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर घालून बूच लावतो आणि दोन-तीन आठवडे थांबतो. हे सारे तो एका वहीत तारीखवार लिहून ठेवतो.

आता आपला ग्रंथ उघडावा. अरिष्टात मान सांगितले नसेल तेव्हा एक द्रोण द्रव, एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप घ्यावा, असे शार्ङ्गधराचार्य सांगतात. ४८ ग्रॅमचे पल धरून आणि द्रवद्वैगुण्याची परिभाषा लावून हिशेब केला, तर द्रव सुमारे साडेचोवीस लिटर, गूळ ४.८ किलो व मध २.४ किलो होतो. म्हणजे विलायतेतील गृहस्थाचे भांडे आणि आपले भांडे जवळजवळ एकाच मापाचे आहे. त्यात आपण घालतो ते गोड द्रव्य मात्र त्याच्या अडीच पटींहून अधिक. त्यामुळे आपले किण्वन अधिक काळ चालते, मागे साखरही बरीच उरते आणि चुकण्यास वावही अधिक राहतो.

आपल्या आचार्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. भांड्यास आतून तूप लावणे, गुग्गुळ-जटामांसीचे धूपन, संधिबंधन, धान्यराशीत किंवा भूमीत पुरणे ही सर्व कर्मे स्वच्छता व स्थिर तापमान यांसाठीच होत. बुडबुड्यांचा ध्वनी थांबणे, प्रक्षेप द्रव्ये तळाशी बसणे, पेटती काडी भांड्यात न विझणे आणि चुन्याची निवळी दुधाळ न होणे या परीक्षा आपण बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात केल्या आहेत. त्या योग्यच आहेत. परंतु त्या सांगतात ते एवढेच, की किण्वन थांबले. ते कुठवर जाऊन थांबले, हे त्या सांगत नाहीत. साखर संपल्याने थांबले, थंडीने थांबले, की यीस्ट मेल्याने थांबले, याचा उलगडा आकड्यावाचून होत नाही.

व्यवहारात संधान बिघडते त्याची कारणे बहुधा साधी असतात. क्वाथ पुरता निवलेला नसताना धायटीची फुले घातली, तर फुलांवरील यीस्ट उष्णतेने मरते. फुले जुनी, बुरशी आलेली असतील तर किण्वन सुरूच होत नाही. विदर्भातील वैशाखात पत्र्याच्या छपराखाली भांडे ठेवले, की यीस्ट नामोहरम होते. आणि झाकण सैल असेल तर अम्ल करणारे जंतू शिरून अरिष्टाचे शुक्त बनते. अर्धवट संधान बाटलीत भरले, तर उन्हाळ्यात बुचे उडतात आणि दुकानदार माल परत पाठवितो. विलायतेतील गृहस्थाच्या बाटल्याही याच कारणाने फुटतात. म्हणून तर तो गुरुत्व दोन दिवस स्थिर होण्याची वाट पाहतो.

हा प्रश्न केवळ मालाच्या नुकसानीचा नाही, रुग्णाचा आहे. २० मिली अरिष्ट दिवसातून दोन वेळा, ही आपली नेहमीची मात्रा. मद्यार्क पाच टक्के असेल तर दिवसाला दोन मिली, दहा टक्के असेल तर चार मिली शुद्ध मद्यार्क रुग्णाच्या पोटात जातो. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणारा रुग्ण, यकृताचा रुग्ण, गर्भिणी, धार्मिक कारणाने मद्य वर्ज्य मानणारा गृहस्थ, यांना आपण काय सांगणार? मधुमेहीला उरलेल्या साखरेविषयी काय सांगणार? 'औषधच आहे, काही होत नाही' हे उत्तर वैद्याला शोभत नाही.

यावर एक आक्षेप येतो, की यंत्रांच्या नादी लागल्यास शास्त्राचा आत्मा हरवेल. हा आक्षेप मला मान्य नाही. मान म्हणजे माप हा आपल्या शास्त्राचाच विषय आहे. शार्ङ्गधरसंहितेच्या पहिल्याच अध्यायात मानपरिभाषा येते. हायड्रोमीटर हे त्याच परंपरेतील पुढचे माप समजावे. त्याची मर्यादाही ओळखावी. अरिष्टात औषधी द्रव्यांचा अंश उतरत असल्याने त्यावरून निघणारे प्रमाण स्थूल असते. विक्रीच्या मालासाठी प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनाला पर्याय नाही. पण स्थूल आकडाही अज्ञानापेक्षा बरा.

दुसरा आक्षेप असा, की तयार संच हा आळशाचा मार्ग आहे. तेथेही जव स्वतः भिजवून काम करणारे जाणकार संचवाल्यांना नावे ठेवतात. तथापि त्यांच्यातील पुष्कळांनी पहिले भांडे लावले ते संचातूनच. आरंभी चुका कमी व्हाव्यात आणि हात धजावावा, एवढेच संचाचे काम.

'शेड्यूल टी' अन्वये २३ जून २००० पासून औषधनिर्मितीचे नियम लागू झाले. त्यात स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना सूट आहे. ही सूट विश्वासापोटी दिलेली आहे. तपासनीस येत नाही, म्हणून आपली वही हाच आपला तपासनीस असावयास हवा.

म्हणून संघटनेपुढे एक सूचना ठेवतो. एका द्रोणाच्या मानाने वजन केलेली क्वाथद्रव्यांची भरड, ताजी, तपासलेली धायटी, वेगळी बांधलेली प्रक्षेप द्रव्ये, एक हायड्रोमीटर, एक तापमापक आणि रकाने आखलेली नोंदवही असा संच संघटनेने सभासदांना ना नफा ना तोटा तत्त्वावर द्यावा. प्रथम वर्षी एकच कल्प घ्यावा, दशमूलारिष्ट किंवा अभयारिष्ट. कोकण, देश, मराठवाडा व विदर्भ येथील नोंदी वर्षअखेरीस एकत्र कराव्यात आणि बिघडलेल्या भांड्यांच्या नोंदी वगळू नयेत. कोणत्या ऋतूत, कोणत्या तापमानात, किती दिवसांत संधान पूर्ण होते, हे आपल्याच भूमीतील आकड्यांवरून मग सांगता येईल. फार्मसीचालक बंधूंनी आपल्या प्रयोगशाळा या नमुन्यांसाठी खुल्या केल्या, तर हे कार्य एका वर्षात मार्गी लागेल.