संशय लसीवर, किंमत बालकांना

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षे एक सरळ विधान होते : लसींमुळे स्वमग्नता होत नाही. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या पानावरील मजकूर बदलला. हे विधान पुराव्यावर आधारलेले नाही, कारण तशी शक्यता अभ्यासांनी पूर्णपणे निकालात काढलेली नाही, असा नवा पवित्रा घेण्यात आला. गंमत अशी, की जुने विधान मथळ्यात तसेच राहिले आणि त्याच्या डोक्यावर फक्त एक तारांकित खूण चढली. सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांना दिलेल्या शब्दामुळे ते पुसता येत नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रॉबर्ट केनेडी (कनिष्ठ) आरोग्यमंत्री झाले, तेव्हापासून असे काही होणार याचा अंदाज होताच. लसींबद्दलचा त्यांचा संशय जुना आहे. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने उपलब्ध पुरावा पुन्हा तपासून लसी आणि स्वमग्नता यांत कार्यकारणसंबंध नसल्याचा निर्वाळा दिला. पण निर्वाळ्याला तारांकित खुणेइतकी प्रसिद्धी मिळत नाही.

वॉशिंग्टनमधील या शब्दकसरतीशी खान्देशचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वसाहतीचा विचार केला, तर संबंध लगेच ध्यानात येतो. औष्णिक वीज केंद्राच्या या वसाहतीत राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या अभियंत्यांची आणि तंत्रज्ञांची कुटुंबे राहतात. अशा शिकलेल्या, नोकरदार घरांतील कोणी ना कोणी पुण्यात, बंगळुरूत नाही तर न्यू जर्सीत असतेच. तिकडची शंका मोबाइलवरून इकडे यायला रात्रही लागत नाही. शंका येते ती एकटी. तिचे वीस वर्षांपूर्वीच झालेले खंडन मात्र तिच्यासोबत येत नाही.

या वादाचे मूळ लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात आहे. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या बारा सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अभ्यासलेली मुले होती अवघी बारा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, आतड्यांचा दाह आणि स्वमग्नता यांचा काही संबंध असावा, असे त्यात सुचवले होते. ‘सुचवले’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण सिद्ध असे काहीच केलेले नव्हते. तथापि पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी एकत्रित लसीऐवजी सुट्या लसी द्याव्यात असे सांगितले आणि ब्रिटनमधील आयाबापांच्या काळजाचा ठोका चुकला. पुढे ‘संडे टाइम्स’चे पत्रकार ब्रायन डीअर यांनी खोदकाम केले, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर पडत गेली. लसउत्पादकांविरुद्ध दावा लढवू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना चार लाखांहून अधिक पौंड मिळाले होते. निबंधापूर्वी, १९९७ मध्येच, त्यांनी गोवराच्या एका पर्यायी लसीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. मुलांच्या नोंदी आणि निबंधातील तपशील यांचा मेळ बसत नव्हता. २००४ मध्ये दहा सहलेखकांनी निष्कर्षातून अंग काढून घेतले, २ फेब्रुवारी २०१० रोजी ‘लॅन्सेट’ने निबंधच मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

मधल्या बारा वर्षांत शंका तपासून पाहण्याचे काम इतरांनी केले. डेन्मार्कमध्ये १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या पाच लाख सदतीस हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी २००२ मध्ये ताडून पाहण्यात आल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांतील स्वमग्नतेच्या प्रमाणात लसीमुळे वाढ दिसली नाही. २०१९ मध्ये त्याच देशात साडेसहा लाखांवर मुलांचा नवा अभ्यास झाला. निष्कर्ष तोच. जपानचा दाखला तर आणखी बोलका आहे. तेथे १९९३ मध्ये ही त्रिगुणी लस वेगळ्याच कारणासाठी बंद झाली होती. लस दोषी असती, तर त्यानंतर स्वमग्नतेचे निदान कमी व्हायला हवे होते. योकोहामातील नोंदींनुसार ते वाढतच राहिले.

मग इतके पालक डोळ्यांनी पाहिल्याचे सांगतात ते काय? ते खोटे बोलत नाहीत. आपल्याकडील सरकारी वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. नेमक्या याच वयात मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, शिकलेले दोन-चार शब्दही विसरले, हे घरच्यांच्या ध्यानात येऊ लागते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आईच्या मनात ती सुई कायमची रुतून बसते. १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या होत्या. केकसमोर बसलेल्या त्या मुलांच्या वागण्यातील वेगळेपण तेव्हाच टिपता येत होते. कोणाच्या नजरेत ते भरले नव्हते, इतकेच. स्वमग्नतेची मुळे बहुतांशी जनुकांत आणि जन्माआधीच्या मेंदूच्या जडणघडणीत आहेत, असेच आजवरचे संशोधन सांगते.

वादाची दुसरी फांदी पाऱ्याची. काही लसींच्या बहुमात्रा कुप्यांत जिवाणू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल नावाचे परिरक्षक घालतात आणि त्यात पारा असतो, हे खरे आहे. आपल्या पेंटाव्हॅलंट लसीतही ते असते. त्याचे प्रमाण ०.००५ टक्के धरले, तर अर्ध्या मिलिलिटरच्या मात्रेत २५ मायक्रोग्रॅम थायोमर्सल येते आणि त्यातील साधारण निम्मा भाग पाऱ्याचा. मात्र गोवराच्या लसीत ते घालताच येत नाही, कारण त्यातील विषाणू जिवंत असतो आणि परिरक्षकाने तो मरेल. म्हणजे लंडनचा संशय एका लसीवर, पाऱ्याचा संशय दुसऱ्याच लसीवर; मोबाइलवरच्या संदेशात मात्र दोघांची मोट बांधलेली. शिवाय थायोमर्सलमधून निघणारा इथिल पारा शरीरातून लवकर बाहेर पडतो. मासळीवाटे पोटात जाणारा आणि मेंदूला घातक ठरलेला मिथिल पारा वेगळा. डेन्मार्कने १९९२ मध्ये आणि अमेरिकेने २००१ पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लसींतून थायोमर्सल काढून टाकले. दोन्हीकडे स्वमग्नतेच्या निदानाचा आलेख त्यामुळे खाली आला नाही.

पाऱ्याची चर्चा दीपनगरात करायची, तर धुराड्यांकडे पाठ करून ती कशी करणार? दगडी कोळशात अंशरूपाने पारा असतोच आणि कोळसा जाळणे हा वातावरणात पारा सोडणारा एक प्रमुख मानवी उद्योग आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याच्या उत्सर्जनाची मर्यादा प्रथमच ठरवून दिली. २०१३ च्या मिनामाता करारात कोळशावरील वीज केंद्रांना आवर घालण्याचे कलम आहे. त्याच करारात थायोमर्सलयुक्त लसींना जाणीवपूर्वक वगळले आहे. जगाने पारा कोठे मोजायचा हे असे ठरवले. दीपनगरच्या धुराने स्वमग्नता येते, असा याचा अर्थ कोणी काढू नये; तसे म्हणायला आधार नाही, आणि एका कावळ्याला हाकलून फांदीवर दुसरा बसवण्यात अर्थ नाही. पण राखेच्या बंडावरून उडणाऱ्या भुकटीबद्दल आजूबाजूच्या गावांची तक्रार जुनी आहे, आणि ती ऐकताना सुईइतकी दक्षता कोणी दाखवत नाही, हे नोंदवायला हवे.

संशयाची किंमत कोण मोजते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना गोवर-रुबेला लस देण्याची मोहीम सुरू झाली. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा या भागांत लसीने वंध्यत्व येते अशी अफवा पसरली. मौलवींना पुढे येऊन आवाहन करावे लागले. शहरांतील सुस्थित पालकांचे आक्षेप निराळे होते : आमच्या डॉक्टरांनी लस दिली आहे, मग शाळेत पुन्हा कशाला? करोनाकाळात नियमित लसीकरणाची घडी विस्कटली आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवराचा उद्रेक सुरू झाला. भिवंडी आणि मालेगावही त्यात सापडले. दगावलेल्या बालकांत लस न घेतलेल्यांची संख्या मोठी होती. मालेगाव धुळ्यापासून पन्नास-एक किलोमीटरवर आहे आणि मुंबईची रेल्वे भुसावळला थांबल्यावाचून पुढे जात नाही. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. म्हणून पंच्याण्णव टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. इतकी कडक अट फारच थोड्या रोगांना आहे.

रुबेलाची कथा तर या वादावर उलटी बसते. गर्भवतीला रुबेला झाल्यास बाळ आंधळे, बहिरे किंवा हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकते. १९६४ च्या अमेरिकेतील साथीनंतर स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी अशा २४३ मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. म्हणजे स्वमग्नतेच्या ज्या थोड्या कारणांवर बोट ठेवता येते, त्यांतील एक हीच लस रोखते.

लसीकरणात चुका होतच नाहीत, असे भासवणेही तितकेच घातक आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातावर लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सारी बचावली. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लस दिल्यानंतर तीन अर्भके दगावली आणि लस हाताळताना हलगर्जी झाल्याचे प्राथमिक चौकशीतून पुढे आले. हा दोष लसीचा नव्हे, शीतसाखळीचा आणि देखरेखीचा. पण चौकशीचा अहवाल गावापर्यंत पोहोचत नाही, आणि मोकळ्या राहिलेल्या त्या जागेत अफवा येऊन बसते.

या साऱ्या गदारोळात स्वमग्न मुले मात्र बाजूलाच राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे अभिप्रेत आहेत. कागद चोख आहे. पण वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले, आणि आठवड्यातून अनेकदा घ्यावे लागणारे हे उपचार तालुक्याच्या गावातल्या आईला रजा, भाडे आणि घरच्यांची बोलणी यांतून जमवावे लागतात. पहिली पाच वर्षे मोलाची असतात. ती ‘लसीनेच झाले’ आणि ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ या दोन समजुतींत निघून जातात.

खान्देशात लस चुकते ती मात्र बहुधा संशयाने नव्हे. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांवरून कित्येक पावरा-भिल्ल कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. लहान मूल आईच्या पाठीवर असते. गोवराच्या लसीची कुपी एकदा विरघळवली, की चार तासांत संपवावी लागते, आणि त्यामुळे सत्राचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी कुटुंब कोठल्या तरी साखरपट्ट्यात असते. ते परत येते आखाजीच्या सुमारास. तोवर दुसऱ्या मात्रेची तारीख कार्डावर मागे पडलेली असते. ती पाच वर्षांपर्यंत देता येते, हे सांगायला आशाताईंना पाड्यावर पुन्हा जावे लागते.