सेवा रुजते कधी, मरते कधी?

मोरिवली एमआयडीसीत जेवणाची सुट्टी झाली की टपरीवर गर्दी होते. कामगार कोड स्कॅन करतो, खोका ओरडतो, 'दहा रुपये प्राप्त झाले', आणि चहावाला मान वर न करता पुढचा ग्लास भरतो. मला प्रश्न पडतो, हीच सेवा का रुजली?

केनियात 2007 मध्ये एम-पेसा सुरू झाली. शहरातल्या कमावत्याला गावी पैसे पाठवायचे होते. साधा फोन पुरत होता, कोपऱ्यावरचा दुकानदार रोख रक्कम देत होता. व्होडाफोनने 2013 मध्ये तीच सेवा भारतात आणली आणि 2019 मध्ये गुंडाळली. गरज इथेही होती. आपल्या कारखान्यांतले मजूर दर महिन्याला गावी पैसे पाठवतातच. पण इथले नियम वेगळे होते, आणि 2016 मध्ये यूपीआय आलं. बँक कुठलीही, अ‍ॅप कुठलंही, पैसे थेट खात्यात, पाठवणाऱ्याला शुल्क नाही. त्याच वर्षी डेटा स्वस्त झाला. आधी वॉलेटमध्ये पैसे भरण्याची पायरीच उरली नाही.

अंबरनाथहून लोकल पकडणाऱ्यांना दुसरं उदाहरण आठवेल. 2014 मध्ये रेल्वेचं तिकीट मोबाइलवर आलं, पण ते स्टेशनवरच्या यंत्रातून छापून घ्यावं लागे. मग रांग चुकली कुठे? छापण्याची अट गेल्यावरच त्या अ‍ॅपला अर्थ आला.

म्हणजे सेवा जिंकते ती पायऱ्या कमी करून. पण कोणाच्या पायऱ्या?

माझ्या अम्मीकडे बटणांचा फोन आहे. अशा फोनसाठी *99# आहे, 2022 पासून यूपीआय 123पे आहे. तिला दोन्ही माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नाही. खातं तिचं, पिन मात्र माझ्याकडे. 'तूच बघ रे' असं ती म्हणायची आणि मला ते सोयीचं वाटायचं. स्वतःच्या पैशांसाठी तिला दरवेळी मला विचारावं लागत होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तरुण मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी शिष्यवृत्तीसाठी, रक्तदात्यांसाठी अ‍ॅप बनवेल. ते आधी अम्मीच्या हातात द्या आणि गप्प बसून पाहा. ती जिथे अडेल, तिथे चूक तिची नाही, तुमची आहे. आणि आजच तिचा पिन तिला परत द्या. मी दिला.