बोळाचे फाटक आणि वेगाचे गणित

पुण्यात आमच्या घरामागे दहा फुटी बोळ आहे. पलीकडच्या शाळेची मुले, भाजीवाल्या मावशी, दूधवाला, सारे त्यातूनच ये-जा करीत. गेल्या वर्षी मोटारसायकलवरून आलेल्या चोरट्यांनी दोन सोनसाखळ्या हिसकावल्या. रहिवाशांची सभा भरली आणि बोळाच्या एका तोंडाला लोखंडी फाटक बसून त्याला कुलूप लागले. त्या सभेत मीही हात वर केला होता, हे आधीच कबूल करतो. किल्ली आम्हा रहिवाशांकडे आहे. शाळेच्या मुलांकडे नाही.

आता थोडे गणित करू. बोळातून शाळा ३०० मीटर होती. हमरस्त्याने वळसा घालून ती १२०० मीटर पडते, म्हणजे ९०० मीटर जादा. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या मुलाला त्यासाठी जवळजवळ ११ मिनिटे लागतात. ताशी १५ किलोमीटर वेगाच्या सायकलस्वाराला साडेतीन मिनिटे, तर ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलला दोन मिनिटांहूनही कमी. फाटक प्रत्येकाकडून वेळेचा कर वसूल करते आणि हा कर वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सर्वांत मोठा भुर्दंड सर्वांत सावकाश जाणाऱ्याला! शिवाय मुलांना हा वळसा बस आणि ट्रक यांच्या सोबतीने घालावा लागतो, तो धोका वेगळाच.

फाटकवाल्यांचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही. चोराला एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने निसटता येते. एक तोंड बंद झाले की तो अडकतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे घरांच्या मागील बोळांना अशी फाटके बसवली, तेव्हा घरफोड्या घटल्याचे आढळले. पण ते बोळ परसदारचे होते. तिकडे ना खिडक्या, ना वर्दळ. आमच्या बोळात घरांची पुढची दारे उघडतात. जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ साली अमेरिकन शहरांवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, रस्त्यावर लोकांची नजर असणे हीच मोठी राखण होय. आम्ही फाटक लावले आणि ही फुकटची राखण घालवली. दुपारी दोन वाजता आमच्या बोळात आता चिटपाखरूही नसते.

मग मोटारसायकल अडावी आणि माणूस जावा, असे काही करता येईल का? नुसते खांब रोवून भागत नाही. ९० सेंटिमीटर अंतरावरच्या खांबांमधून मोटारगाडी जाणार नाही, पण मोटारसायकल सहज जाईल. खांब आणखी जवळ आणले, तर चाकांची खुर्चीच अडकेल. येथे अभिकेंद्री बल मदतीला येते. डाव्या भिंतीपासून एक आडवा कठडा आणि त्यापुढे दीड-दोन मीटरवर उजव्या भिंतीपासून दुसरा, असे बसवले की जाणाऱ्याला नागमोडी वळावे लागते. वळणाची त्रिज्या २ मीटर आणि घर्षणांक ०.५ धरा. घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे कमाल वेग. तो येतो सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. एवढ्या वेगाने पळणाऱ्या चोराला आमच्या शाळेचा कोणताही धावपटू गाठील! (अर्थात त्याने तसे करू नये, गाडीचा नंबर टिपावा.) पादचाऱ्याला आणि खुर्चीला मात्र येथे एक क्षणही थांबावे लागत नाही. सायकलवाल्याने हवे तर उतरावे.

रात्री अकरा ते पहाटे पाच फाटक लावण्यास माझी हरकत नाही. मात्र विकास आराखड्यातला सार्वजनिक रस्ता आमच्या ठरावाने खाजगी होत नाही, हे सभेत कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

पुढील सभेत मी कठड्यांची आकृती मांडणार आहे. त्याआधी माझे दोन विद्यार्थी सकाळी सात ते आठ वही घेऊन फाटकापाशी बसणार असून, किती जण येऊन परत फिरतात हे मोजणार आहेत. तुमच्या वस्तीतही असे फाटक असेल, तर वळसा पावलांनी मोजा आणि आकडे संपादकांकडे जरूर पाठवा.