शाखानगरांतील घर

महानगराच्या भोंवतालीं जी वस्ती वसते तिला आपण ‘उपनगर’ म्हणतों. अमरकोशांत मूळ नगराहून निराळ्या पुराला ‘शाखानगर’ असें नांव आहे, आणि मला तो जुना शब्द अधिक सार्थ वाटतो. ‘उप’ म्हटल्यानें नुसतें सान्निध्य कळतें. शाखा म्हटली म्हणजे मुळाशीं असलेला तिचा संबंध आणि तिचें स्वतःचें कर्तव्य हीं दोन्ही ध्यानांत येतात. शाखेला रस मुळाकडून मिळतो, पण छाया तिची तिनेंच द्यावी लागते. आगगाडी, हमरस्ता, विमानतळ या तो रस वाहणाऱ्या नाड्या होत. या नाड्या दाराजवळ असाव्यात आणि दारापुढें शांतताहि असावी, अशी इच्छा आजकाल प्रत्येक गृहस्थाची असते. ती कशानें पुरी होते, याचा विचार या महिन्यांत करूं.

उदाहरण म्हणून मुंबईच्या विलेपार्ल्याचा पूर्व भाग घेतों, कारण पुष्कळ वाचकांचे आप्तेष्ट तेथें राहतात. त्याच्या पश्चिम अंगास रेल्वे, पूर्व अंगास पश्चिम द्रुतगति महामार्ग, आणि महामार्गापलीकडे विमानतळ. २०१४ सालीं शेजारच्या अंधेरींतून जाणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. २०२४ च्या ऑक्टोबरांत विमानतळापाशीं थांबणारी भुयारी मेट्रोहि धांवूं लागली. वाहनांचा इतका वेढा असतांनाहि एखाद्या आडगल्लींत दुपारीं उभें राहिलें, तर कावळ्याचें ओरडणें आणि कुकरची शिट्टी हीं वेगवेगळीं ऐकूं येतात.

हें कसें घडतें? पहिलें कारण भूगोलाचें. मोठे मार्ग वस्तीच्या कडेनें जातात. ज्याला पार्ल्यांत काम नाहीं त्याला सहसा आंत शिरण्याचें प्रयोजन पडत नाहीं. दुसरें कारण असें कीं, गाडी बदलण्याचें मोठें ठिकाण पुढचें स्थानक, म्हणजे अंधेरी, हें आहे. पार्ल्यास बहुतेक जलद गाड्या थांबत नाहींत. त्यामुळें प्रवासास कांहीं मिनिटें अधिक लागतात खरीं, पण त्या मोबदल्यांत जंक्शनाची झुंबड दारांत येत नाहीं. घर शोधणाऱ्यानें हें सूत्र लक्षांत ठेवावें: जंक्शनाला लागून राहूं नये, एक स्थानक अलीकडे वा पलीकडे राहावें. तिसरें कारण विमानांचें. त्यांच्या चढण्याउतरण्याच्या वाटेखालीं इमारतींच्या उंचीवर निर्बंध असतो. जें विमान आपलें बोलणें मध्येंच तोडतें, त्यानेंच घरांना फार उंच होऊं दिलेलें नाहीं.

चौथें कारण माणसांचें. तें मी सर्वांत महत्त्वाचें मानतों. लोकमान्य टिळक १९२० सालीं निवर्तले. १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय निघालें. १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. या रेल्वेमार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या त्या १९२८ च्या जानेवारींत. हा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रवासाची सोय पुरी होण्याआधींच येथील रहिवाशांनीं आपली शाळा आणि आपली संस्था उभी केली होती. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. पुढें १९५९ सालीं महाविद्यालय आलें, नंतर मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या नांवाचें नाट्यगृह झालें. परिणाम असा कीं, शिक्षण, ग्रंथ, व्याख्यान वा नाटक यांसाठीं येथल्या माणसाला गाडींत बसावें लागत नाहीं. ज्या वस्तींतून प्रत्येक गरजेसाठीं बाहेर पडावें लागतें, तेथें मार्ग कितीहि दूर असोत, शांतता नांदत नाहीं.

मात्र वस्तीचें रूप कायम राहत नाहीं. गांवाचें नांव देशभर नेणारा बिस्किटांचा कारखाना येथें १९२९ पासून होता. २०१६ सालीं तो बंद झाला, आणि स्थानकावर उतरतांच येणारा तो खमंग वासहि गेला. जुन्या इमारती मोडकळीस येत आहेत. आणि ज्या निर्बंधानें उंची रोखली, त्यानेंच त्यांची पुनर्बांधणी अवघड केली आहे. म्हणून ‘येथेंच राहावें कीं जागा विकून दूर जावें’ हा वाद हल्लीं पुष्कळ घरांत चालू आहे.

अशाच एका घरचें पत्र मजपुढें आहे. तीन पिढ्यांचें कुटुंब, माणसें आठ, खोल्या तीन. थोरले चिरंजीव म्हणतात, ही जागा विकून विरारकडे मोठी घ्यावी; गाडी तेथेंहि आहेच. आजी म्हणतात, ‘माझें देऊळ, माझे डॉक्टर आणि माझ्या चार मैत्रिणी तिकडे कोण नेणार?’ सूनबाई नोकरीस जातात. त्यांनीं पत्राच्या शेवटीं एवढेंच लिहिलें आहे: ‘मला स्वतःची खोली हवी आहे, पण घरीं पोंचेन तेव्हां मुलगी जागीहि हवी.’

प्रथम गणित पाहूं. चर्चगेटच्या बाजूस काम असलेल्या माणसास विरारहून येतांना पार्ल्यापेक्षां एक तास अधिक लागतो असें धरल्यास, जाऊन येऊन दोन तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर ६०० तास, म्हणजे पुरे २५ अहोरात्र. तीस वर्षांच्या नोकरींत ७५० अहोरात्र! दोन वर्षांहून अधिक आयुष्य डब्यांत उभें राहून जावयाचें. जागेच्या किंमतीचा हिशेब सर्वजण करतात. हा हिशेब मात्र कोणी कागदावर मांडीत नाहीं.

परंतु केवळ गाडीचा वेळ पाहूनहि निर्णय करूं नये. जो दिवसाचे बारा तास बाहेर असतो त्याला घरांत खोली लागते. जो दिवसभर घरींच असतो त्याला घराबाहेर वस्ती लागते. जिना उतरतांच ओळखीचा वाणी भेटणें, चालत जाऊन पुस्तक बदलून आणणें, सायंकाळीं कट्ट्यावर चार शब्द बोलणें, हाच वृद्धांचा प्रवास असतो. तो तुटला म्हणजे मोठ्या घरांतहि माणूस एका खिडकीपाशीं येऊन बसतो.

म्हणून त्या कुटुंबास माझें सांगणें असें: तूर्त जागा विकूं नये. मात्र आजींची वस्ती राखावयाची असेल तर तिचा भार एकट्या सूनबाईंवर टाकूं नये. पाहुण्यांसाठीं राखलेल्या बाहेरच्या खोलींत आडोसा घालून त्यांची खोली करावी. दिवाणखान्याचा मान गेला तरी चालेल. घरांतल्या माणसाचा मान आधीं. हें जमण्यासारखें नसेल, तर मग चिरंजीवांचें म्हणणें मोकळ्या मनानें ऐकावें.

ज्यांना नवें घर पाहावयाचें आहे त्यांनीं तें तीन वेळां पाहावें: पहांटे, कचेरीच्या वेळीं आणि रात्रीं दहानंतर. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण खरी कसोटी आपल्याच कानांची. तसेंच स्थानकाचें अंतर मैलांनीं मोजूं नये, पुलाच्या पायऱ्यांनीं मोजावें. गुडघे दुखणाऱ्या माणसास शंभर पावलांपेक्षां चाळीस पायऱ्या दूर असतात. मुलांनीं कितीहि घाई असली तरी रूळ ओलांडूं नयेत, ही शिस्त तर स्थानकाजवळच्या प्रत्येक घरांत पहिल्या दिवसापासून असावी.

आणखी एक गोष्ट. आपल्या गल्लीची शांतता पुष्कळदां दूर राहणाऱ्यांच्या श्रमांवर उभी असते. पहांटे रस्ता झाडणारा कामगार, पोळ्या करावयास येणाऱ्या बाई, रात्रीं फाटकाशीं बसणारा रखवालदार, यांतले कितीतरी जण आपण टाळलेला तो प्रवास रोज करून येतात. निदान घरच्या कामाच्या वेळा त्यांच्या गाडीला सोयीच्या ठेवाव्यात. त्यांच्या उशिरावर रागावण्यापूर्वीं वरचें गणित आठवावें.

स्थानक जवळ असल्यानें वांचलेला वेळ सारा आपलाच, असें मानणाऱ्यांची वस्ती लवकरच धर्मशाळा होते. विद्यालय आणि संघ काढणाऱ्यांनीं तो वेळ शेजाऱ्यांसाठीं खर्च केला, म्हणून आज तेथें छाया आहे. रोजच्या त्या दोन तासांतून आठवड्याचा एक तास जरी आपण ग्रंथालयाला, शेजारच्या एकट्या वृद्धाला किंवा गल्लींतील मुलांच्या अभ्यासाला दिला, तरी पुढच्या पिढीस आडगल्लींत उभें राहून कावळा ऐकतां येईल.