‘आपल्या भागाचा माणूस’ : एक महागडी समजूत

नेता आपल्या भागाचा असला म्हणजे आपल्या भागाचे भले होते, ही महाराष्ट्राच्या राजकारणातील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत महागडी समजूत आहे. मुख्यमंत्रिपदाचा प्रश्न निघाला की विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र यांच्या नावाने हिशेब मांडले जातात. नेत्याचे धोरण काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

या समजुतीची परीक्षा इतिहासाने घेतलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण आले. तरीही दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये मोजला, आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा विदर्भ-मराठवाड्याचाच निघाला. पुढे १९९१ मध्ये पुसदचेच सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. राज्याला दोन मुख्यमंत्री देणारा हा जिल्हा आज देशाला ठाऊक आहे तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे.

याचे कारण एखाद्या व्यक्तीच्या नाकर्तेपणात शोधणे व्यर्थ होय. पाटबंधाऱ्यांचा पैसा कोठे जावा, हे मुख्यमंत्र्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका आणि आमदारांचे संख्याबळ ज्यांच्या हाती, ते ठरवितात. प्रादेशिक अभिमानावर मोठा झालेला नेता सत्ता टिकविण्यासाठी त्यांच्याशीच तडजोड करतो. आणि अभिमान तृप्त झालेली जनता त्याच्याकडे हिशेब मागत नाही.

स्थानिक माणसालाच स्थानिक दुःख कळते, हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. परंतु पुण्याचे मधू लिमये १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधील मुंगेरहून लोकसभेत गेले. मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिसांना मुझफ्फरपूरने १९७७ साली, ते तुरुंगात असताना, तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. १९७७ ची लाट होती असे म्हणावे, तर १९६४ मध्ये कोणती लाट होती? त्या मतदारांनी उमेदवाराचे गाव नव्हे, त्याची बाजू पाहिली.

वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा मागास भागांच्या ‘आपल्या’ नेत्यांपैकी किती जणांनी त्यासाठी सत्तेवर पाणी सोडले? कार्यकर्त्यांनी उमेदवाराचे गाव जरूर विचारावे. पण त्याआधी विचारावे, पाणी कोणाला, कर्ज कोणाला आणि कोणाच्या खर्चाने? या प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर नाही, तो शेजारच्या घरातला असला तरी परकाच.